त्वचारोपणाचा अस्वीकार आणि जनुकबदल उंदीर

वरुड तालुक्यातल्या शेंदूरजनाघाटच्या रोपवाटिकांत जंबेरीच्या खुंटावर नागपुरी संत्र्याचा डोळा भरतात. पट्टी नीट बसली की दोन जाती एकजीव होतात, कारण परके हुडकत फिरणाऱ्या पेशी झाडात नसतात. प्राण्यांत असे कलम धरत नाही. बाल्ब-सी या पांढऱ्या उंदराची कातडी सी-५७-ब्लॅक-६ या काळ्या उंदराला लावली, तर आठवडाभर गुलाबी, मऊ राहते; मग कडक होऊन काळी पडते आणि साधारण १० ते १४ दिवसांत खपलीसारखी गळते. त्याच दात्याची दुसऱ्यांदा लावली तर आणखी लवकर. हा नकार कोणती पेशी देते आणि कशामुळे, हे जनुकबदल उंदरांवर तपासतात.

दात्याच्या शेपटीची किंवा कानाची सुमारे १ सेंमी चौरस कातडी घेतात. ग्राहकाला, म्हणजे कातडी लावायच्या उंदराला, भूल देऊन बरगडीवर तेवढीच जागा सोलतात. खालचा पातळ स्नायू मात्र राखायचा, तो फाटला तर कलमाला रक्त मिळत नाही. केस उलट्या दिशेने ठेवले की पुढे कातडी कुणाची ते कळते. पट्टी ७व्या दिवशी सोडतात. ती घट्ट असेल तर उंदीर गुदमरतो, सैल असेल तर दातांनी ओढून टाकतो. खाली रक्त साकळले तर कातडी ३-४ दिवसांतच मरते आणि नवखा त्यालाच अस्वीकार समजतो. म्हणून स्वजातीची कातडी लावलेला गट सोबत हवाच. तीही गळली तर दोष हाताचा. त्यातही नराची कातडी मादीला लावू नये, जात एकच असली तरी काळी मादी ती नाकारते.

रॅग-१ जनुक काढलेल्या उंदरात टी आणि बी या प्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशी तयार होत नाहीत. त्याच्यावर परकी कातडी टिकते. त्याला टी पेशी टोचल्या की बसलेली कातडीही गळते. उलट, दात्यातले बीटा-२-मायक्रोग्लोब्युलिन हे प्रथिन काढून भागत नाही. पेशीच्या पृष्ठभागावर आपले-परके सांगणाऱ्या ओळखखुणा असतात. त्यातली या प्रथिनावर टिकणारी वर्ग-१ची ओळखखूण गेली तरी वर्ग-२ची उरते. जनुकबदल उंदीर मूळ जातीशी निदान १० पिढ्या संकरित केलेला नसेल, तर शेजारची परकी जनुके सोबत येतात आणि अस्वीकाराचे खापर भलत्याच जनुकावर फुटते.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी अस्थिमज्जारोपण विदर्भात ओळखीचे होत आहे, पण सख्ख्या भावंडाशी एचएलए (माणसातल्या याच ओळखखुणा) जुळण्याची शक्यता चारात एक. न जुळणारी मज्जा टिकवण्याचे उपाय आधी उंदरांवरच तपासतात. मात्र पिंजऱ्यातल्या स्वच्छ उंदरात जुन्या संसर्गांच्या स्मृतिपेशी, म्हणजे आधीचा जंतू लक्षात ठेवणाऱ्या पेशी, फार थोड्या असतात, माणसात भरपूर. त्यातल्या काही परक्या ऊतीवरही उलटतात, म्हणून उंदरात जमलेला उपाय माणसात बरेचदा फसतो.