सोसायटीतलं खत : परवानगीचा प्रश्न आला कुठून?

सोसायटीत ड्रममध्ये ओल्या कचऱ्याचं खत करायचं तर कमिटीची परवानगी लागते का, हा प्रश्न पूर्वी नव्हता. सांगलीतल्या जुन्या घरांना परस होतं आणि परसात उकिरडा. शेण, राख, भाजीची देठं, पालापाचोळा तिथं कुजायचं आणि पावसाळ्याआधी रानात जायचं. परवानगीचा प्रश्नच नव्हता. जमीन ज्याची, उकिरडा त्याचा.

अपार्टमेंट आली आणि जमीन सामाईक झाली. कुठं 1960 चा सहकारी संस्था कायदा लागू, कुठं 1970 चा अपार्टमेंट मालकी कायदा. दोन्हीकडे सदनिका आपली. गच्ची, पार्किंग, कुंपणालगतची माती मात्र सगळ्यांची. खताच्या ड्रमवरून सभेत आवाज चढतात ते इथूनच.

कचऱ्याच्या कायद्याची वाट वेगळी. 1994 मध्ये सुरतला प्लेग पसरला, 1996 मध्ये पर्यावरण कार्यकर्त्या अल्मित्रा पटेल शहरांतल्या कचऱ्यासाठी सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 2000 साली देशभराचे नियम आले. त्यात ओल्या कचऱ्यावर प्रक्रिया करायची ती नगरपालिकांनी. आपल्याकडे 1998 मध्ये सांगली, मिरज, कुपवाड मिळून महापालिका झाली होती; तिचा कचरा समडोळी आणि बेडग रस्त्याच्या डेपोंवर साठत गेला. आपल्या स्वयंपाकघरातलं ओझं त्या भागातल्या लोकांनी का सोसायचं, हे मला आजही पटत नाही.

8 एप्रिल 2016 च्या घनकचरा नियमांनी ही जबाबदारी कचरा करणाऱ्याच्या दारात आणली. कचरा घरातच वेगळा करायचा आणि ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा, असं त्यांनी रहिवासी संघांना सांगितलं. 5,000 चौरस मीटरहून मोठ्या बंदिस्त वसाहतींचा तर वेगळा उल्लेख केला. ‘शक्यतो’ या शब्दानं पळवाट ठेवली खरी, पण रोख स्पष्ट होता. म्हणूनच ड्रम कुठं ठेवायचा हे कमिटीनं जरूर ठरवावं. खत करूच नका म्हणणं मला नियमांच्या विरुद्ध वाटतं.

उरतो ‘उपद्रव’, म्हणजे वासाचा नि अळ्यांचा आक्षेप. शेजाऱ्याला त्रास होईल असं काही करू नये, हे उपविधींतलं, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीतलं, कलम रास्तच आहे आणि बाल्कनीतल्या कुंडीलाही ते लागू होतं. पण नीट केलेल्या खताला घाण वास येत नाही. ओलं जास्त झालं, हवा खेळेना, की ते आंबतं, अळ्या पडतात. प्रत्येक थरावर वाळका पाला किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा टाकला, अधूनमधून वरखाली केलं, की मातीचा वास येतो. तक्रार आली तर आधी झाकण उघडून बघावं. सामाईक जागा हवी असेल तर सभासदानं सर्वसाधारण सभेपुढं लेखी विषय ठेवावा, आणि ड्रम रोज कोण बघणार हेही त्यातच लिहावं.