सातबारा चालत नाही : कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत पैसा कुठे लागतो आणि गुण कशाला मिळतात

कॅनडाच्या कायमस्वरूपी वास्तव्याची, म्हणजे पीआरची, चौकशी करणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा पैशाचाच असतो. "किती लागतील?" मग हळू आवाजात, "जमीन विकावी लागेल का?" एक्सप्रेस एंट्री ही कुशल माणसांना गुणांवर निवडून पीआर देण्याची कॅनडा सरकारची पद्धत, आणि तिच्या गुणतक्त्यात पैशाला एकही गुण नाही. पैसा आहे तो उंबरठ्यासारखा. ठरलेली रक्कम असली की तुम्ही आत, नसली की बाहेर. तिच्या दहापट असली तरी रांगेत एक पाऊलही पुढे सरकत नाही. रांग लागते ती वय, शिक्षण, भाषा आणि कामाच्या अनुभवावर.

पूर्वी श्रीमंतांसाठी वेगळं दार होतं. १९८६ पासून चाललेल्या गुंतवणूकदार योजनेत शेवटी शेवटी १६ लाख कॅनेडियन डॉलरची मालमत्ता दाखवायची आणि ८ लाख डॉलर सरकारला पाच वर्षांसाठी बिनव्याजी द्यायचे, अशी अट होती. कॅनडाच्या केंद्र सरकारनं ती योजना २०१४ मध्ये बंद केली आणि जानेवारी २०१५ मध्ये एक्सप्रेस एंट्री सुरू झाली. (गुण मोजण्याची पद्धत मात्र जुनी, १९६७ पासूनची.)

भारतात बसून अर्ज करणाऱ्यासाठी यातला नेहमीचा मार्ग म्हणजे फेडरल स्किल्ड वर्कर. इथे दोन चाळण्या आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात.

पहिली चाळणी १०० गुणांची, पास व्हायला ६७ लागतात. भाषेला २८, शिक्षणाला २५, अनुभवाला १५, वयाला १२, कॅनडातल्या पक्क्या नोकरीला १० आणि तिथे रुळण्याच्या शक्यतेला १०. त्याआधी किमान अटी : गेल्या दहा वर्षांत सलग एक वर्ष पूर्णवेळ कुशल काम, आणि इंग्रजीच्या चारही अंगांत सीएलबी (भाषा मोजायची कॅनडाची पट्टी) ७, म्हणजे आयईएलटीएस जनरलमध्ये प्रत्येकी ६. पण 'किमान' या शब्दावर विसंबू नका. २९ वर्षांचा इंजिनिअर, एक पदवी, चार वर्षं नोकरी, असं उदाहरण घ्या. पदवीचे २१, अनुभवाचे १३, वयाचे १२ झाले ४६. सीएलबी ७ चे १६ मिळवले की ६२, म्हणजे नापास. सीएलबी ९ असेल तर भाषेचे २४, बेरीज ७०, म्हणजे पास. माणूस तोच, पदवी तीच. सीएलबी ९ साठी ऐकण्यात ८ आणि बाकी तिन्हींत ७ लागतात, आणि आपली बरीच हुशार पोरं लेखनाच्या त्या ७ वर अडतात.

दुसरी चाळणी सीआरएस, म्हणजे उमेदवारांना गुणांनुसार क्रम लावण्याची मोजणी, १२०० गुणांची. पास-नापास नाही, थेट चढाओढ. वरचाच इंजिनिअर अविवाहित धरला तर वयाचे ११०, पदवीचे १२०, सीएलबी ९ चे १२४, आणि शिक्षण व अनुभव यांची भाषेशी सांगड घातल्याचे ७५. एकूण ४२९. सरकार वेळोवेळी फेरी काढून वरच्या गुणांच्या उमेदवारांना पीआरच्या अर्जासाठी बोलावतं; २०२४ च्या सर्वसाधारण फेऱ्यांत ५०० च्या खाली कुणाला बोलावलं गेलं नाही. पदव्युत्तर पदवी असती तर तो ४६९ वर गेला असता, तरीही कमीच. वय तर दरवर्षी गळतं : तिशीला १०५, पस्तिशीला ७७, चाळिशीला ५०, पंचेचाळिशीला शून्य. "मुलाची मुंज होऊ दे, मग बघू" म्हणणाऱ्यांनी हा तक्ता एकदा भिंतीवर लावावा.

मग बोलावणं येतं कुणाला? एखाद्या प्रांतानं नामांकन दिलं तर थेट ६०० गुण मिळतात. २०२३ पासून आरोग्यसेवा, कसबी कामं, फ्रेंच अशा गटांच्या वेगळ्या फेऱ्या होतात. त्यात फ्रेंचचा फायदा अफाट आहे. मार्च २०२५ मधल्या एका फ्रेंच फेरीत ३७९ गुणांवर बोलावणी गेली, म्हणजे आपला ४२९ वाला फ्रेंच शिकला असता तर आत होता. पुण्यात आलियाँस फ्राँसेजला जाणाऱ्यांत हल्ली साहित्यप्रेमी किती आणि सीआरएसप्रेमी किती, हा प्रश्न मला पडतो.

नोकरीच्या ऑफर लेटरचे सीआरएसमधले गुण २५ मार्च २०२५ पासून काढून टाकले आहेत. कुणी लाखो रुपये घेऊन 'जॉब ऑफरचे पन्नास गुण' विकत असेल तर तो शिळा माल विकतोय.

आता पैसा. जुलै २०२५ पासूनची रक्कम एकट्याला १५,२६३ कॅनेडियन डॉलर, दोघांना १९,००१, चौघांना २८,३६२. दरवर्षी ती बदलते, त्यामुळे अर्जाच्या दिवशीचा आकडा सरकारी संकेतस्थळावरच पाहावा. बायको-मुलं मागे राहणार असली तरी कुटुंबात मोजली जातात. आणि पैसा हाताशी असावा लागतो. सातबारा, फ्लॅटचं शेअर सर्टिफिकेट, लॉकरमधलं सोनं यांपैकी काही चालत नाही. बचत खातं आणि मोडता येणारी मुदत ठेव चालते. उसना पैसा चालत नाही, घर गहाण टाकून काढलेलं कर्जही नाही. वडिलांनी दिले असतील तर परत मागणार नाही असं लिहिलेलं बक्षीसपत्र, आणि त्यांच्याकडे ते कुठून आले याचा पुरावा जोडावा. जमीन विकून पैसे आले असतील तर खरेदीखत लावा.

बँकेकडून नुसतं स्टेटमेंट आणू नका. बँकेच्या लेटरहेडवर पत्र हवं : खातं कधी उघडलं, आजची शिल्लक, गेल्या सहा महिन्यांची सरासरी शिल्लक, आणि तुमच्यावरची कर्जं. शाखेतला माणूस "असा आमचा फॉरमॅट नसतो" म्हणणार, हे धरूनच जा आणि मजकूर टाइप करून न्या. आदल्या आठवड्यात खात्यात आलेले दहा लाख सरासरीत लगेच उघडे पडतात.

ही निधीची अट कॅनडात आधीच एक वर्ष काम केलेल्या, कॅनेडियन एक्स्पिरिअन्स क्लासमधून येणाऱ्या अर्जदारांना नाही. कागदावर ते रास्त आहे. पण तिथवर पोचलेले बरेच जण विद्यार्थी म्हणून गेलेले असतात. स्टडी परमिटसाठी सप्टेंबर २०२५ पासून फीव्यतिरिक्त २२,८९५ डॉलर दाखवावे लागतात, आणि खरा खर्च फीचा. ज्याच्या घरानं तो उचलला त्याला कॅनेडियन पदवी, कॅनेडियन अनुभव आणि त्या दोन्हींचे गुण मिळतात, आणि पीआरच्या वेळी त्याला बँकेचं पत्र कुणी विचारत नाही. पैशाला गुण नाहीत हे खरं, पण गुण कमावायला पैसा लागतो हेही तितकंच खरं.

कागद. शिक्षणासाठी ईसीए, म्हणजे आपली पदवी कॅनडातल्या कोणत्या पदवीच्या तोडीची याचा अहवाल; तो बहुतेकजण 'वेस' या संस्थेकडून करतात; अहवाल पाच वर्षं चालतो. विद्यापीठाकडून ट्रान्स्क्रिप्ट निघायला वेळ जातो, म्हणून सुरुवात इथूनच करावी. तीन वर्षांच्या बी.कॉम.ला सगळ्यांना सारखा निकाल मिळत नाही, तो हातात आल्यावरच गुण मोजा. भाषेचा निकाल दोन वर्षं चालतो.

सगळ्यात जास्त घोळ अनुभवाच्या पत्रात होतो. आपल्याकडे एचआर दोन ओळींचं रिलिव्हिंग लेटर देतं. इथे लागतं ते पद, तारखा, आठवड्याचे तास, पगार आणि प्रत्यक्ष कामं लिहिलेलं पत्र. ती कामं तुम्ही निवडलेल्या एनओसीच्या वर्णनाशी जुळली पाहिजेत. (ही एनओसी सोसायटीची ना-हरकत नव्हे, कॅनडाची व्यवसायांची यादी आहे.) तुम्ही 'मॅनेजर' होतात की नव्हतात हे पदनामावरून ठरत नाही, कामावरून ठरतं.

बायकांच्या नावांचा प्रश्न तर खास आपलाच. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि काही घरांत पहिलं नावही बदललेलं. विवाह प्रमाणपत्र आणि नावांचा खुलासा करणारं प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच तयार ठेवा. ग्रामपंचायतीचा जुना, फक्त मराठीतला जन्मदाखला असेल तर भाषांतर लागतं.

प्रोफाइल फुकट बनतं, ते बारा महिने टिकतं. बोलावणं आल्यावर पूर्ण अर्जाला ६० दिवस. त्यात पोलीस क्लिअरन्स हवा, आपल्याकडे तो पासपोर्ट सेवा केंद्रातून मिळतो. दुबईत वा अमेरिकेत सहा महिने सलग राहिला असाल तर तिथलाही. वैद्यकीय तपासणी ऑगस्ट २०२५ पासून अर्जाबरोबरच द्यायची आहे, तीही त्यांनी नेमलेल्या डॉक्टरकडूनच. एप्रिल २०२४ च्या दरानं शुल्क प्रौढ माणशी १,५२५ डॉलर, बायोमेट्रिक्सचे ८५ वेगळे. नवरा-बायको दोघंही पात्र असतील तर दोन्ही बाजूंनी सीआरएस मोजून ज्याचा जास्त तो मुख्य अर्जदार. यात मानपान आणू नका.

खोटा कागद सापडला तर पाच वर्षं बंदी, मग तो एजंटनं परस्पर जोडलेला का असेना. सही तुमची असते.

पैसे इथून नेताना रिझर्व्ह बँकेची मर्यादा माणशी, आर्थिक वर्षाला अडीच लाख अमेरिकी डॉलर आहे, त्यामुळे निधीच्या रकमेला तिची अडचण येत नाही. कॅनडात उतरताना १०,००० कॅनेडियन डॉलर किंवा त्याहून जास्त रोख वा ड्राफ्ट जवळ असेल तर विमानतळावर जाहीर करावं लागतं. जाहीर केलं तर त्यावर कर लागत नाही. लपवलं तर जप्त होऊ शकतं.