हातांचा घाम आणि रात्रीचा घाम: दोन वेगळी दुखणी

मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा ४२-४३ अंशांवर गेला की घामाची तक्रार कुणी मनावर घेत नाही. "उन्हाळाच हाय बाबा" म्हणून विषय संपतो. पण उन्हाच्या नावावर दोन निरनिराळी दुखणी खपून जातात आणि दोन्हींचे उपाय पार वेगळे आहेत.

पहिलं दुखणं तळहात, तळपाय, काखा आणि कधी चेहऱ्याचं. बहुतेकदा ते शाळेच्या वयातच सुरू होतं. डिसेंबरच्या थंडीतही लेकराची वही हाताखाली भिजते, रेशन दुकानातलं यंत्र ओल्या अंगठ्याचा ठसा घेत नाही. घाम दोन्ही हातांना सारखाच येतो, पुष्कळदा घरात आणखी कुणाला असतो आणि झोप लागली की थांबतो. घामाच्या ग्रंथी ठणठणीत असतात, फक्त त्यांना चेतवणाऱ्या मज्जातंतूंकडून गरजेपेक्षा जास्त संदेश जातात. अशा पोराला घाबरट म्हणणं हा अन्याय आहे. भीतीनं त्याचा घाम वाढतो हे खरं, पण ओल्या हातांच्या लाजेनं भीती वाढते, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या प्रकारात घाम हे दुखणं नसतं, दुसऱ्या आजाराची खूण असते. तो मोठ्या वयात नव्यानं सुरू होतो, बहुधा अंगभर येतो, झोपेतही थांबत नाही. रात्री अंथरूण भिजतंय, सोबत संध्याकाळचा बारीक ताप, दोन आठवड्यांहून जुना खोकला, उतरलेलं वजन असेल, तर आधी क्षयरोगाची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात ती आणि औषधं मोफत आहेत. भूक चांगली असूनही वजन घटतंय, छाती धडधडते, तर थायरॉईड तपासा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन एकादशीचा कडक उपवास धरला आणि दरदरून घाम, थरथर सुरू झाली, तर रक्तातली साखर उतरलेली असू शकते. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखरपाणी द्या; ऊन लागलं म्हणून नुसतं वारा घालत बसू नका. पाळी जाण्याच्या वयातला घाम आणि नैराश्यावरच्या काही औषधांनी येणारा घामही याच प्रकारातला. छातीत दाबल्यासारखं होऊन गार घाम फुटला तर मात्र थेट दवाखाना गाठायचा.

या दुसऱ्या प्रकारात आधी मूळ आजारावर उपचार. पहिल्यात घामावरच उपचार करावे लागतात आणि ते आहेत, हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. साधा डिओडोरंट वास झाकतो, घाम रोखत नाही. ॲल्युमिनियम क्लोराईडचं औषध रात्री अगदी कोरड्या त्वचेला लावून सकाळी धुवायचं, सुरुवात इथून होते. हातापायांसाठी पाण्यातून सौम्य विद्युतप्रवाह देण्याची पद्धत आहे. काखेत बोटॉक्सची (ग्रंथींकडं जाणारे घामाचे संदेश काही काळ अडवणाऱ्या औषधाची) इंजेक्शनं दिली तर आराम साधारण ४ ते ६ महिने किंवा जास्तही टिकतो, पण खर्च बराच. घामाचे संदेश नेणारा मज्जातंतू तोडण्याची शस्त्रक्रिया शेवटी, तिच्यानंतर हात कोरडे पडतात, पण पाठीला किंवा पोटाला घाम वाढल्याचे रुग्ण पुष्कळ, आणि ते परत फिरवता येत नाही.

घाम कमी करणाऱ्या गोळ्यांबद्दल मला आपल्या भागापुरतं जोर देऊन सांगायचंय. तोंड कोरडं पडणं, बद्धकोष्ठता, लघवी अडणं हे त्रास आहेतच; शिवाय त्या सगळ्या अंगाचा घाम कमी करतात. घाम वाळताना शरीर थंड होतं. तोच आटला तर भर उन्हात शेतात किंवा वीटभट्टीवर राबणाऱ्याला उष्माघाताचा धोका वाढतो. दुकानातून परस्पर आणून या गोळ्या घेऊ नका आणि डॉक्टरांना आपलं काम उन्हातलं आहे हे आवर्जून सांगा.

त्वचारोग विभाग छत्रपती संभाजीनगरच्या घाटी या सरकारी रुग्णालयात आहे, तसाच नांदेड, लातूर, अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतही. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्या आणि घाम कोणत्या वयात सुरू झाला, झोपेत थांबतो का, हे घरच्यांना विचारून जा.