मध्य स्लोव्हेनिया : बॅग भरण्यापूर्वी वाचा

ल्युब्लियानाचा मुक्काम म्हटला की "तिथे थंडी किती?" हा प्रश्न हमखास येतो. आमच्या मते आधी पावसाचं विचारा.

स्लोव्हेनियाने आकडेवारीसाठी देशाचे १२ विभाग पाडले आहेत. राजधानी ल्युब्लियाना येते तो मध्य विभाग. ब्लेड सरोवर आणि पोस्तोयनाची गुहा या विभागाबाहेर आहेत, पण गाडीने तासाभराच्या आत.

शहराची उंची जेमतेम ३०० मीटर, म्हणजे पुण्याहूनही कमी. भोवती डोंगर. उत्तरेला कामनिक-साविन्या आल्प्स, त्यांतलं सर्वांत उंच शिखर ग्रिंतोवेत्स, २,५५८ मीटर. दक्षिणेला सपाट दलदल. याच दलदलीत २००२ मध्ये सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीचं लाकडी चाक आसासकट सापडलं. ते शहराच्या संग्रहालयात आहे. सहलीच्या कार्यक्रमात नसलं तरी मोकळ्या वेळात जरूर बघा.

पाऊस वर्षाला साधारण १,४०० मिमी, पुण्याच्या जवळपास दुप्पट. पण आपल्यासारखा चार महिन्यांचा पावसाळा तिथे नाही. बाराही महिने थोडाथोडा पडतो. जुलैत दिवसा २५ ते ३० अंशांची छान ऊब असते आणि संध्याकाळी अचानक गडगडाटी सर येते. शरद ऋतूत मात्र झड लागते. ल्युब्लियानित्सा नदीला चुनखडीच्या डोंगरांखालून, गुहांमधून वाहत आलेलं पाणी मिळतं. मोठ्या पावसानंतर ते दलदलीच्या सखल शेतांत पसरतं.

हिवाळ्यात वेगळीच गंमत. जानेवारीचं सरासरी तापमान शून्याच्या आसपास. थंड हवा जड असल्याने डोंगरांमधल्या खोलगट भागात साचते, वर उबदार हवेचं झाकण बसतं आणि शहर धुक्यात अडकतं, कधी कधी दिवसभर. त्याच वेळी कामनिकच्या उत्तरेला व्हेलिका प्लानिनाच्या पठारावर, सुमारे १,५०० मीटरवर, लख्ख ऊन असू शकतं. तिथे रोपवेने जाता येतं. गवळ्यांची लाकडी घरं आहेत, गुरं मात्र फक्त उन्हाळ्यात दिसतील.

म्हणून डिसेंबर-जानेवारीच्या सहलीत पठारावर कोणत्या दिवशी जायचं, ते आम्ही आधी छापत नाही. आदल्या संध्याकाळी हवामान पाहून सहल व्यवस्थापक सांगतील. कार्यक्रम पुढेमागे झाला तर कृपया रागावू नका.

सोबत घ्या: टोपीचं रेनजॅकेट (छत्री वाऱ्यात उलटते), न घसरणारे बूट. हिवाळ्यात थर्मल, कानटोपी आणि हातमोजे. उन्हाळ्यातही एक स्वेटर, पठारासाठी.