अपघाताच्या आकड्यांमधला चकवा

चौकात वर्षभरात ८ अपघात झाले, म्हणून गतिरोधक घातला. पुढच्या वर्षी ४ झाले. लगेच ‘अपघात निम्म्यावर’ अशी बातमी येते. पण गतिरोधक घातला नसता, तरी आकडा बहुधा उतरलाच असता.

समजा, एकसारखे १०० चौक आहेत आणि प्रत्येकात वर्षाला सरासरी ४ अपघात होतात. दरवर्षी नेमके ४ होत नाहीत. कुठे २, कुठे ६. पॉयसाँ वितरणाने (योगायोगाने घडणाऱ्या घटना किती वेळा घडतील हे सांगणाऱ्या गणिती सूत्राने) हिशेब मांडला, तर कोणत्याही चौकात वेगळा दोष नसताना सुमारे ५ चौकांत ८ किंवा जास्त अपघात निघतात. उपायाच्या यादीत आपण नेमके तेच चौक घेतो, आणि पुढच्या वर्षी त्यांची सरासरी पुन्हा ४ वर येते! ‘शापित’ वळणावर विधी केल्यावर अपघात घटले, या दाव्यामागेही बहुतेकदा हेच सरासरीकडे परतणं असतं.

म्हणून जागा निवडताना ३ ते ५ वर्षांच्या नोंदी एकत्र घ्याव्यात आणि उपाय न केलेल्या, तशाच वर्दळीच्या जागांशी तुलना करावी. ब्रिटनमधल्या कार्डिफ शहरात, मारामारीतल्या जखमींबाबत, अशी तुलना नीट झाली. मारामारीतले अनेक जखमी पोलिसांच्या नोंदीत येतच नाहीत, हे तिथले मुखशल्यचिकित्सक जोनाथन शेफर्ड यांनी दाखवून दिलं. मग रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जागा, वेळ आणि हत्यार विचारून, रुग्णाचं नाव गाळून, ती माहिती पोलिसांना दिली जाऊ लागली. १४ सारख्या शहरांशी केलेली तुलना २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण कार्डिफमध्ये लाखामागे महिना ७ वरून ५ वर आलं. इतर शहरांत ते ५ वरून ८ झालं.

सगळी मदार पहिल्या नोंदीवर असते. नोंदवहीत नुसतं ‘पडला’ लिहिलं, की आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत त्याला डब्ल्यू १९ हा संकेतांक मिळतो: अनिर्दिष्ट पडणे. त्यावरून करण्यासारखं काहीच हाती लागत नाही. ‘रात्री ९, जिन्याची शेवटची पायरी, दिवा बंद, हातात बादली’ असं लिहिलं तर संकेतांक डब्ल्यू १० (जिन्यावर किंवा पायऱ्यांवरून पडणे) होतो आणि दिवा कुठे लावायचा तेही कळतं.