एकच गाडी, अनेक नियमपुस्तिका : अमेरिकेतील स्प्रिंट कार मालिकांची पार्श्वभूमी

2024 च्या हंगामात अमेरिकेच्या मातीच्या ट्रॅकवर दोन देशव्यापी स्प्रिंट कार मालिका समोरासमोर उभ्या ठाकल्या. त्यांतली 'वर्ल्ड ऑफ आउटलॉज' ही 1978 पासून चालत आलेली, तर 'हाय लिमिट रेसिंग' ही काइल लार्सन आणि ब्रॅड स्वीट या दोन नामवंत चालकांनी उभी केलेली. नव्या मालिकेने 'ऑल स्टार सर्किट ऑफ चॅम्पियन्स' ही जुनी मालिका आपल्यात सामावून घेतली आणि त्यामुळे स्प्रिंट कारच्या जगात कोणाचे नियम चालणार, हा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला. मात्र या प्रश्नाला शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. चालक कोणाचा, ट्रॅक कोणाचा आणि महागड्या इंजिनाचा खर्च सोसायचा कोणी, या तीन गोष्टींवरून झालेल्या भांडणांतूनच या खेळाचे बहुतेक नियम जन्माला आले आहेत आणि तांत्रिक कलमे वाचताना हे ध्यानात ठेवले नाही, तर त्यांतली निम्मी कलमे अनाकलनीय वाटतात.

स्प्रिंट कार म्हणजे एका चालकाची, उघड्या चाकांची, पुढच्या बाजूला इंजिन असलेली आणि आखूड लंबवर्तुळाकार ट्रॅकवर डावीकडेच वळत धावणारी गाडी. तिला स्टार्टर नसतो, क्लच नसतो आणि नेहमीच्या अर्थाने गिअरबॉक्सही नसतो. मागून दुसऱ्या वाहनाने ढकलून ती सुरू करावी लागते. इंधन मिथेनॉलचे असते. सर्वांत वरच्या वर्गातील इंजिन 410 घन इंचांचे, म्हणजे सुमारे 6.7 लिटरचे असून ते 900 अश्वशक्तीच्या आसपास ताकद देते, आणि ही ताकद चालकासह जेमतेम 1,400 पौंडांच्या, म्हणजे साधारण 635 किलोच्या गाडीला ओढायची असते. उजवे मागचे चाक डाव्यापेक्षा मोठे असल्यामुळे गाडी आपसूकच डावीकडे झुकते आणि वळणावर ती सरळ न जाता तिरकी घसरत जाते. एवढे वर्णन जवळजवळ सर्व मालिकांना लागू पडते. मतभेद सुरू होतात ते त्यापुढे: छतावर विंग (पंखासारखा मोठा पत्रा) असावी की नसावी, इंजिन किती मोठे असावे, त्याचे सिलिंडर हेड (सिलिंडरांवरचे झाकण) कोणत्या बनावटीचे असावे आणि टायर कोणते चालावेत.

या मतभेदांचे मूळ विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत सापडते. त्या काळी मोटार शर्यतींना मान्यता देण्याचा अधिकार अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशन आपल्याकडे राखून होती आणि तिच्या मान्यतेविना झालेल्या शर्यतीत भाग घेणाऱ्याला निलंबित करण्याचे हत्यारही तिच्या हाती होते. 1910 साली बार्नी ओल्डफील्ड या त्या काळच्या सर्वांत लोकप्रिय चालकाने मुष्टियोद्धा जॅक जॉन्सन यांच्याशी मान्यतेशिवाय शर्यत लावली आणि संघटनेने त्यांना निलंबित केले. अशा अमान्य शर्यतींना 'आउटलॉ', म्हणजे कायद्याबाहेरच्या, शर्यती म्हणण्याचा प्रघात याच काळात पडला. हा शब्द पुढे किती अभिमानाने मिरवला जाईल, याची तेव्हा कोणालाच कल्पना नसावी.

1915 साली 'इंटरनॅशनल मोटर कॉन्टेस्ट असोसिएशन', म्हणजेच आयएमसीए, स्थापन झाली. मध्य-पश्चिमेकडील राज्यांत दरवर्षी भरणारी कृषी प्रदर्शने आणि जिल्ह्याच्या जत्रा हे तिचे क्षेत्र होते. तिथे घोड्यांच्या शर्यतींसाठी बांधलेले मातीचे ट्रॅक आयतेच उपलब्ध होते, प्रेक्षक जत्रेसाठी आलेलेच असत आणि आयोजकांना फक्त गाड्या आणि चालक आणून उभे करायचे असत. आयएमसीएच्या काही शर्यती आधीच ठरवून खेळवल्या जातात, असा आरोप त्या काळी सर्रास होई. पण खेळ खेड्यापाड्यांत पोहोचवण्याचे आणि चालकांना आठवड्यामागून आठवडा पोटापाण्याचे काम देण्याचे श्रेय तिला द्यावेच लागते. एकीकडे इंडियानापोलिसच्या 500 मैलांच्या शर्यतीचे दार आपल्या हाती ठेवणारी प्रतिष्ठित संघटना आणि दुसरीकडे जत्रांच्या जोरावर जगणारी मालिका, अशी विभागणी यातून तयार झाली. ज्याला इंडियानापोलिसला जायचे असेल त्याने जत्रेचा मोह सोडावा, असाच एकूण शिरस्ता होता. 1955 ते 1958 अशी सलग चार वर्षे आयएमसीएचे विजेतेपद मिळवणारे बॉबी ग्रिम 1959 मध्ये इंडियानापोलिसला उतरले, ते दुसऱ्या गोटात दाखल झाल्यावरच.

1955 हे वर्ष निर्णायक ठरले. इंडियानापोलिसच्या शर्यतीत बिल वुकोविच यांचा मृत्यू झाला आणि जूनमध्ये फ्रान्समधील ल मान येथे गाडी प्रेक्षकांत घुसून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. त्या धक्क्यानंतर अमेरिकन ऑटोमोबाईल असोसिएशनने शर्यतींतून अंग काढून घेतले. तिची जागा घेण्यासाठी 'युनायटेड स्टेट्स ऑटो क्लब', म्हणजे युसॅक, स्थापन झाला आणि 1956 पासून त्याच्या शर्यती सुरू झाल्या. युसॅकने स्प्रिंट कारसाठी आधी पूर्व आणि मध्य-पश्चिम अशी दोन स्वतंत्र विजेतेपदे ठेवली होती; 1961 मध्ये ती एकत्र करून एकच राष्ट्रीय विजेतेपद करण्यात आले. ते पहिल्याच वर्षी पार्नेली जोन्स यांनी पटकावले. युसॅकचे चालक मातीवरही धावत आणि विंचेस्टर, सेलम अशा इंडियानातील तीव्र उताराच्या डांबरी ट्रॅकवरही धावत. त्यामुळे तिचे नियम दोन्ही पृष्ठभागांना चालतील असे असत, आणि इंजिनाच्या आकारमानावर तिने घातलेली मर्यादा बाहेरच्या ट्रॅकच्या मानाने बरीच कडक होती.

दरम्यान युसॅकच्या नियंत्रणाबाहेर एक वेगळीच परंपरा आकार घेत होती. पेनसिल्व्हेनिया, ओहायो, आयोवा आणि कॅलिफोर्निया येथील स्थानिक ट्रॅकवर जुन्या मोटारींच्या सांगाड्यांवर मोठी इंजिने बसवलेल्या 'सुपरमॉडिफाइड' गाड्या धावत. आयोवातील नॉक्सव्हिल येथे 1961 मध्ये सुरू झालेली 'नॅशनल्स' ही शर्यत मुळात याच गाड्यांसाठी होती. आज ती स्प्रिंट कारची सर्वांत मानाची शर्यत आहे. 1958 मध्ये ओहायोतील कोलंबस येथे जिम कुशमन यांनी आपल्या गाडीच्या छतावर विंग बसवली, आणि या एका पत्र्याने पुढची साठ वर्षे खेळाची दोन शकले करून ठेवली.

विंगचे काम जवळून पाहिले तर वाद का पेटला ते कळते. वरची विंग साधारण पाच फूट लांब आणि तितकीच रुंद असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना उंच उभे पत्रे असतात. वेगात ती हवेच्या दाबाने गाडीला जमिनीशी घट्ट दाबून धरते. गाडी वळणावर तिरकी झाली की बाजूच्या पत्र्यांवर हवेचा जोर येतो आणि तोही गाडीला सावरून धरतो. परिणामी चालक पूर्ण वेगाने वळण घेऊ शकतो आणि गाडी उलटली तर विंग चुरगळून धक्क्याचा बराचसा भाग शोषून घेते. विंगविना गाडीत मात्र तीच ताकद मागच्या चाकांना पेलवत नाही. ॲक्सिलरेटरवरचा पाय क्षणाक्षणाला सैल-घट्ट करत गाडी सांभाळावी लागते. विंगचे समर्थक सुरक्षितता आणि वेग पुढे करतात, विरोधक चालकाचे कौशल्य. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे, आणि म्हणूनच हा वाद मिटला नाही. युसॅक विंगविना प्रकाराशी निष्ठावान राहिली आणि इंडियानात तिचे प्रेक्षकही तितकेच निष्ठावान राहिले. चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, बहुतांशी सारखी असली, तरी एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जाताना टॉर्शन बार (पीळ घेऊन स्प्रिंगचे काम करणारे दांडे), शॉक ॲब्सॉर्बर आणि गिअरचे प्रमाण सगळे बदलावे लागते, त्यामुळे छोट्या संघाला दोन्हीकडे पाय ठेवणे परवडत नाही.

1970 च्या दशकात जॅन ऑपरमन यांच्यासारखे चालक कोणत्याही एका संघटनेला बांधून न घेता, जिथे बक्षीस मोठे तिथे गाडी नेत फिरू लागले. 1971 मध्ये नॉक्सव्हिल जिंकणारे ऑपरमन 1976 मध्ये युसॅकच्याच घरात, इंडियानातील टेरे होट येथील हल्मन क्लासिक या शर्यतीतही जिंकले. अशा भटक्या चालकांना एकत्र गुंफण्याची कल्पना टेड जॉन्सन यांची. मार्च 1978 मध्ये टेक्सासमधील डेव्हिल्स बाउल ट्रॅकवर 'वर्ल्ड ऑफ आउटलॉज'ची पहिली शर्यत झाली आणि ती जिमी बॉइड यांनी जिंकली. वर्षाचे पहिले विजेतेपद स्टीव्ह किन्सर यांना मिळाले आणि पुढे त्यांनी अशी एकूण वीस विजेतेपदे मिळवली. एकेकाळी शिक्षा म्हणून लावला जाणारा शब्द मालिकेने स्वतःच्या नावात घेतला. पहिल्या काही वर्षांत विंगसह आणि विंगविना अशा दोन्ही शर्यती होत. पुढे मालिका पूर्णपणे विंगची झाली आणि इंजिनांची बेबंद वाढ 410 घन इंचांच्या मर्यादेत आली. 1978 च्याच एप्रिलमध्ये विमान अपघातात युसॅकचे आठ पदाधिकारी मृत्युमुखी पडले आणि पुढच्याच वर्षी इंडियानापोलिस प्रकारच्या गाड्यांचे संघमालक युसॅकपासून फुटून निघाले. आउटलॉजच्या उदयाला या पडझडीने मोकळे रान मिळाले, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

राष्ट्रीय पातळीवर हे घडत असताना प्रादेशिक मालिकांनी आपापली नियमपुस्तिका राखली. दक्षिण कॅलिफोर्नियात सीआरए (कॅलिफोर्निया रेसिंग असोसिएशन) ही संघटना गार्डिना येथील ॲस्कॉट पार्कच्या आधाराने विंगविना शर्यती चालवत राहिली. 1990 च्या अखेरीस तो ट्रॅक बंद पडल्यावर तिचा पाया खचला. उत्तर कॅलिफोर्नियात मात्र एनएआरसी (नॉर्दर्न ऑटो रेसिंग क्लब) या संघटनेने विंगसह 410 चा मार्ग धरला, म्हणजे एकाच राज्यात दोन टोकांना दोन वेगळे खेळ नांदत होते. मध्य पेनसिल्व्हेनियाची गोष्ट आणखी निराळी आहे. तिथे विल्यम्स ग्रोव्ह, लिंकन आणि पोर्ट रॉयल हे ट्रॅक थोड्याच अंतरावर असल्याने चालकाला दूर जाण्याची गरजच उरत नाही. घरापासून जवळ, दर आठवड्याला, चांगल्या बक्षिसासाठी 410 गाडी चालवता येते. बाहेरून येणाऱ्या आउटलॉजना हरवण्यात तिथल्या 'पॉसी' म्हणवणाऱ्या स्थानिक चालकांना जो आनंद वाटतो, त्याला तोड नाही. ओहायोत 1970 मध्ये सुरू होऊन काही वर्षांत थांबलेली ऑल स्टार मालिका 1980 मध्ये बर्ट एमिक यांनी पुन्हा उभी केली आणि आउटलॉजच्या खालोखाल तिचा दबदबा राहिला.

यांतून सर्वांत दूरगामी फूट पडली ती इंजिनाच्या खर्चावरून. 410 चे इंजिन खास घडवलेल्या ॲल्युमिनियमच्या भागांचे असते आणि ते ठरावीक शर्यतींनंतर उघडून दुरुस्त करावे लागते; शनिवारी हौसेने गाडी चालवणाऱ्या गॅरेजवाल्याला किंवा शेतकऱ्याला हा खर्च झेपत नाही. 1992 मध्ये ओक्लाहोमातील टल्सा येथून एमेट हान यांनी 'अमेरिकन स्प्रिंट कार सिरीज' सुरू केली आणि 360 घन इंचांच्या, म्हणजे 5.9 लिटरच्या इंजिनाला तिचा पाया केले. तिने ठरावीक बनावटीचे सिलिंडर हेड सक्तीचे केले. हेडमधून इंजिनाला किती हवा मिळणार हे ठरते, म्हणून हेड बांधून टाकले की ताकदीची आणि पर्यायाने पैशाची शर्यत आटोक्यात येते. या सूत्रावर तिने देशभर प्रादेशिक विभाग उभे केले. परंतु हेडवर असे बंधन न घातलेल्या 360 शर्यतीही चालूच राहिल्या, त्यामुळे कागदावर एकाच वर्गातली असूनही एका भागातील गाडी दुसऱ्या भागात गेल्यावर कमजोर पडे किंवा तपासणीत बाद होई. त्याहून स्वस्त 305 घन इंचांचा वर्ग नंतर आला आणि त्याला आयएमसीएने आपल्या छत्राखाली घेतले. जत्रांच्या ट्रॅकवर वाढलेली संघटना अशा रीतीने स्प्रिंट कारकडे परतली.

आउटलॉजमधून फुटून निघण्याचे प्रयत्न याआधीही झाले. 1989 मध्ये 'युनायटेड स्प्रिंट असोसिएशन' स्थापन झाली आणि किन्सर तिकडे गेले. त्या वर्षी आउटलॉजचे विजेतेपद बॉबी डेव्हिस ज्युनियर यांना मिळाले. 2006 मध्ये, टेड जॉन्सन यांनी मालिका विकल्यानंतर, वायव्येकडील प्रादेशिक मालिका चालवणारे फ्रेड ब्राउनफील्ड यांनी 'नॅशनल स्प्रिंट टूर' काढली. किन्सर आणि डॅनी लासोस्की तिच्यात सामील झाले, पण त्याच जूनमध्ये ब्राउनफील्ड यांचा वॉशिंग्टन राज्यातील ट्रॅकवर अपघाती मृत्यू झाला आणि मालिका एका हंगामापलीकडे टिकली नाही. दोन्ही वेळी गाड्यांचे नियम जवळपास तेच होते. मतभेद बक्षिसाच्या वाटपावरून आणि निर्णयाच्या अधिकारावरून होते.

हाय लिमिटचे वेगळेपण इथेच दिसते. तिने सुरुवात आठवड्याच्या मधल्या दिवसांत शर्यती भरवून केली, म्हणजे शनिवार-रविवारी आउटलॉजकडे असलेला चालकही तिच्याकडे येऊ शकत होता. आणि आउटलॉजने आपल्या कायम सदस्यांच्या बाहेरच्या शर्यतींवर मर्यादा घातली, तेव्हा ओल्डफील्ड यांच्या निलंबनाची जातकुळी पुन्हा दिसली. पूर्ण हंगामाची मालिका झाल्यावर हाय लिमिटने संघांना मालिकेच्या उत्पन्नात वाटा देणारी हक्कपद्धत पुढे केली, तर आउटलॉजच्या मालक कंपनीने टल्साची 360 मालिका आपल्या छत्राखाली आणली. त्यामुळे ओहायोतील ज्या चालकाला ऑल स्टार मालिकेत घराजवळ राहून पूर्ण हंगाम खेळता येत असे, त्याच्यापुढे देशभर फिरायचे की घराजवळच थांबायचे, असा प्रश्न उभा राहिला.