रणातून रानात : मर्लिन नावाच्या द्रष्ट्याची पार्श्वभूमी

फँटसी वाचणाऱ्या किंवा खेळणाऱ्या कुणालाही हा माणूस ओळखीचा आहे. राज्यावर संकट आलं की तो जंगलाच्या कडेला उभा दिसतो, अर्धंमुर्धं काही सांगतो आणि नाहीसा होतो. शंभर वर्षांनी, दुसऱ्याच राजाच्या काळात, पुन्हा दिसतो. त्याच्या भोवतालची जादू गुरुकुलात बसून शिकण्यासारखी नसते. ती रानासारखी माजलेली असते, कुणाच्या ताब्यात येत नाही, त्याच्या स्वतःच्याही नाही. या पात्राची आज इतकी रूपं आहेत की हा अलीकडच्या लेखकांनी पाडलेला साचा वाटावा. पण त्याचं मूळ रूप म्हणजे मर्लिन, आर्थर राजाच्या दंतकथेतला जादूगार. त्याचा माग काढत मागे गेलं की आपण एका ठरावीक रणांगणावर येऊन थांबतो. साल 573. ठिकाण आर्व्हदेरिद, म्हणजे आजच्या इंग्लंडमध्ये कंब्रियातल्या लाँगटाउनजवळचं आर्थुरेट. स्कॉटलंडची सीमा तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

ही लढाई परक्या शत्रूशी नव्हती. दोन्ही बाजूंना एकच भाषा बोलणारे, एकमेकांच्या नात्यातले ब्रिटन (त्या बेटावरचे जुने रहिवासी) सरदार होते. आपल्याकडे ज्याला भाऊबंदकी म्हणतात तीच, फक्त तलवारीनं लढलेली. वेल्सच्या जुन्या लॅटिन वार्षिक नोंदींत 573 या सालापुढे मुळात लढाईचं नाव तेवढं आहे. तेराव्या शतकातल्या एका प्रतीत पुढचा तपशील येतो: एलिफरचे मुलगे आणि केइदिओचा मुलगा ग्वेंदोलाउ यांच्यात ही लढाई झाली, ग्वेंदोलाउ पडला आणि मर्लिन वेडा झाला. राजाच्या मृत्यूच्या नोंदीला लागूनच एका माणसाचं मन मोडल्याची नोंद कुणाला तरी करावीशी वाटली. मर्लिनच्या साऱ्या कथेचं बीज मला या चार शब्दांत दिसतं.

तो माणूस खरोखर होऊन गेला का, याचा निकाल या नोंदीवरून लागत नाही, कारण ती लढाईनंतर सातशे वर्षांनी लिहिलेली आहे. पण वेल्श कवितेत त्याचा आवाज त्याहून जुना आहे. ‘कार्मार्थनचं काळं पुस्तक’ हे साधारण 1250 च्या सुमाराचं हस्तलिखित आज ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, आणि त्यातल्या काही कविता हस्तलिखिताहून बऱ्याच जुन्या मानल्या जातात. त्यांत मर्दिन (मर्लिनचं हे मूळ वेल्श नाव) एका सफरचंदाच्या झाडाशी बोलतो. दुसऱ्या कवितेत तो डुकराच्या पिल्लाशी बोलतो, कारण रानात त्याला दुसरी सोबत नाही. आर्व्हदेरिदच्या दिवशी गळ्यात सोन्याचा तोडा होता, असं तो सांगतो. आता अंगावर बर्फ आहे. रिदर्ख राजाची माणसं त्याचा माग काढत फिरताहेत आणि झाड त्याला लपवतं आहे. बहीण ग्वेंदिद त्याला भेटायला येत नाही, कारण तिच्या मुलाचा जीव त्याच्याच हातून गेला. वेडाच्या संगतीत आपण 50 वर्षं भटकलो, असं तो म्हणतो. आणि या विलापाच्या मधेच, अचानक, तो पुढच्या लढायांची भाकितं सांगू लागतो.

दुःख आणि भाकीत असे एकमेकांत मिसळलेले का? स्कॉटलंडच्या बाजूची कथा याचं उत्तर देते. तिथे या माणसाचं नाव लायलोकेन. ग्लासगोचे संत केंटिगर्न यांना तो रानात भेटतो, उघडा, केस वाढलेला. तो सांगतो की लढाईत जितके मेले त्या सगळ्यांना मी कारण झालो. लढाई चालू असतानाच आभाळ फाटलं, न सोसणारा उजेड पडला आणि आवाज आला: हे सगळं रक्त तुझ्या एकट्याच्या माथी. तेव्हापासून माणसांत राहण्याचा त्याचा हक्क गेला. भविष्य दिसू लागलं ते त्याच क्षणानंतर. भविष्यज्ञान हे इथे तपाचं फळ नाही, देवाची देणगीही नाही. ज्याला माणसांच्या जगातून हाकललं गेलं, त्याला पुढचं दिसतं.

आयर्लंडमध्येही असाच एक राजा आहे, सुव्हने. 637 मधल्या माग राथच्या लढाईत तो वेडा होतो आणि झाडांच्या शेंड्यांवर राहू लागतो. समुद्राच्या दोन्ही तीरांवर एकाच प्रकारची कथा सांगितली गेली यावरून वाटतं की लढाईनं मोडलेली, रानात गेलेली माणसं त्या काळानं पाहिली असावीत आणि त्यांच्या बरळण्याकडे लोकांनी कान दिला असावा.

आता दुसरा धागा. हा वेगळ्याच मुलाचा आहे. 829–830 च्या सुमारास वेल्समध्ये लिहिलेल्या ब्रिटनांच्या इतिहासात राजा व्होर्टिगर्नची गोष्ट येते. तो वेल्समधल्या एरिरीच्या डोंगरात किल्ला बांधतो, पण दिवसभर रचलेले दगड रात्री नाहीसे होतात. बाप नसलेल्या मुलाचं रक्त किल्ल्याच्या पायात शिंपडा, असं दरबारचे जाणते सांगतात. बांधकाम उभं राहावं म्हणून पायात माणसाचा बळी ही कल्पना आपल्याही किल्ल्यांच्या आणि पुलांच्या दंतकथांत आहे, तेव्हा मराठी वाचकाला ती समजावून सांगायला नको. मुलगा आणला जातो, पण तो जाणत्यांनाच उलट विचारतो: या जमिनीखाली काय आहे सांगा. खणल्यावर तळं निघतं आणि त्यात दोन सर्प, एक तांबडा, एक पांढरा. तांबडा म्हणजे आमचे लोक, पांढरा म्हणजे बाहेरून आलेले सॅक्सन, आणि शेवटी तांबडा जिंकेल, असं मुलगा सांगतो. त्याचं नाव मात्र मर्लिन नाही, अँब्रोसियस आहे, वेल्शमध्ये एम्रिस. बेडगेलर्टजवळच्या दिनास एम्रिस या टेकडीवर 1954 ते 1956 मध्ये उत्खनन झालं, तेव्हा माथ्यावर पाणी साठवण्याचा तलाव खरोखर सापडला.

हे दोन धागे एकत्र विणले मॉन्मथच्या जेफ्रीनं. 1130 च्या दशकात त्यानं ‘मर्लिनची भाकितं’ लिंकनच्या बिशपला अर्पण केली आणि मग ती ब्रिटनच्या राजांच्या आपल्या लॅटिन इतिहासात मधोमध घातली. एम्रिस या मुलाला त्यानं मर्दिनचं नाव दिलं आणि ‘मर्दिनुस’ऐवजी ‘मर्लिनुस’ केलं. फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन वाचकांच्या कानाला ‘मर्द’ हा विष्ठावाचक शब्द खटकला असता, म्हणून हा बदल, असं एक स्पष्टीकरण फार दिवस दिलं जातं. खुद्द ‘मर्दिन’ हे नावही बहुधा गावावरून आलं आहे. रोमन काळातलं मोरिदुनुम, म्हणजे समुद्रकिल्ला, झिजत झिजत ‘कायर्व्हर्दिन’ (म्हणजे कार्मार्थन) झालं, आणि हा मर्दिन कोण, म्हणून लोकांनी माणूस शोधला. दहाव्या शतकातल्या एका वेल्श कवितेत ‘मर्दिन भाकीत करतो’ असे शब्द आहेत. म्हणजे जेफ्रीच्या दोनशे वर्षं आधीच नाव रूढ होतं.

जेफ्रीची हातोटी बारकाईनं पाहण्यासारखी आहे. त्याचा मर्लिन सांगतो की सिंहाचे बच्चे समुद्रातले मासे होतील. वाचणाऱ्याला लगेच कळत होतं: 25 नोव्हेंबर 1120 रोजी ‘व्हाइट शिप’ हे जहाज बुडालं आणि राजा पहिल्या हेन्रीचा वारस त्यात गेला. घडून गेलेली गोष्ट सहाशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या माणसाच्या तोंडी घातली की ते भाकीत खरं ठरलेलंच असतं. मग त्यापुढच्या ओळींवरही विश्वास बसतो, आणि त्या ओळी जेफ्रीनं मुद्दाम धूसर ठेवल्या: रानडुक्कर, बगळा, हेजहॉग (सफरचंदं वाहणारा साळिंदरासारखा प्राणी), रक्ताचा पाऊस. आपल्याकडे यात्रेत भाकणूक ऐकताना पावसाची, धान्याच्या भावाची, राजकारणातल्या उलथापालथीची ओळ जो तो आपल्या गावाला, आपल्या शेताला लावून पाहतो. ऐकणाऱ्याचा तो वाटा नसेल तर भाकीत टिकत नाही. जेफ्रीला हे पुरतं कळलेलं होतं. त्याच्या इतिहासाची दोनशेहून अधिक हस्तलिखितं आज शिल्लक आहेत, आणि भाकितं स्वतंत्रपणेही उतरवून घेतली जात होती.

यानंतर चारशे वर्षं मर्लिन राजकारणात होता. आयर्लंड जिंकणारा इंग्लंडचा राजा सेंट डेव्हिड्सच्या ‘बोलक्या दगडा’वर मरेल, असं एक भाकीत त्याच्या नावावर होतं. 1172 मध्ये दुसरा हेन्री आयर्लंडहून परतताना त्या दगडावरून चालत गेला आणि मर्लिनला खोटारडा म्हणाला. तेव्हा गर्दीतल्या एकानं उत्तर दिलं की तो राजा तू नव्हेसच. ही हकीकत वेल्सचा जेरल्ड हा धर्मगुरू सांगतो, आणि भाकीत खोटं पडूनही कसं जिवंत राहतं याचं याहून नेमकं उदाहरण मला ठाऊक नाही. जुन्या रानातून एक मुलगी येईल, ही जेफ्रीची ओळ फ्रान्समध्ये जोन ऑफ आर्कला लावली गेली. 1431 च्या खटल्यात तिला त्याबद्दल प्रश्न विचारला, आणि आपला त्यावर विश्वास नाही असं ती म्हणाली. वेल्समध्ये ओवेन ग्लिंडूरच्या इंग्रजांविरुद्धच्या बंडाला या भाकितांचा आधार होता. 1485 मध्ये हेन्री ट्यूडर तांबडा ड्रॅगन घेऊन बॉसवर्थच्या रणात उतरला, जिंकून इंग्लंडचा राजा झाला, आणि पुढच्या वर्षी मुलाचं नाव त्यानं आर्थर ठेवलं. त्याच्याच मुलानं, आठव्या हेन्रीनं, 1542 मध्ये कायदा करून राजचिन्हांवरून भाकितं पसरवणं गुन्हा ठरवलं. ज्या शिडीनं घराणं वर चढलं ती त्यानं ओढून घेतली. तांबडा ड्रॅगन मात्र राहिला. 1959 पासून तो वेल्सच्या अधिकृत झेंड्यावर आहे.

एका गोष्टीनं जुन्या अभ्यासकांना छळलं होतं. व्होर्टिगर्न पाचव्या शतकातला, आर्व्हदेरिद सहाव्याच्या उत्तरार्धातलं. मग हा माणूस जगला तरी किती? जेरल्डनं मर्लिन दोन मानले, एक अँब्रोसियस आणि दुसरा रानातला. 1188 च्या प्रवासात नेव्हिन गावी या रानातल्या मर्लिनचं पुस्तक आपल्याला सापडलं, असंही तो लिहितो. पण सोळाव्या शतकात एलिस ग्रिफिद या वेल्श शिपायानं आपल्या बखरीत लोकांचं जे म्हणणं नोंदवलं ते मला अधिक मोलाचं वाटतं. हा एकच आत्मा आहे, असं लोक म्हणत. व्होर्टिगर्नच्या काळी तो मर्लिन होता, पुढे तोच टालिएसिन कवी म्हणून आला आणि तिसऱ्यांदा मोर्व्हरिनचा मुलगा मर्दिन होऊन आला. दर युगात परतणारा द्रष्टा इथे पहिल्यांदा स्पष्ट शब्दांत दिसतो. तारखा जुळत नव्हत्या, म्हणून लोकांनी त्याला पुनर्जन्म दिला.

1200 च्या सुमारास फ्रान्समध्ये रोबेर द बोरोननं त्याला सैतानाचा मुलगा केलं. भूतकाळाचं ज्ञान बापाकडून, भविष्याचं देवाकडून, अशी ती वाटणी. तिथून पुढचा प्रवास सरळ आहे: राजाचा सल्लागार, मग झगा घातलेला म्हातारा जादूगार. आधुनिक फँटसीनं बहुतेक हा शेवटचा म्हातारा उचलला आणि रान मागे सोडलं. हे नुकसान मला फार जाणवतं. ज्या लेखकांनी बेबंद जादूचं जग रचताना द्रष्ट्यालाही त्या जादूचा बळी केलं, ते नकळत आर्व्हदेरिदजवळ पोचले.

जेफ्रीलाही शेवटी रानाकडे परतावं लागलं. 1150 च्या सुमारास त्यानं ‘मर्लिनचं चरित्र’ हे 1529 ओळींचं लॅटिन काव्य लिहिलं, आणि इतिहासात त्यानं ज्याला बाजूला ठेवलं होतं तो वेडा मर्लिन त्यात पुरा परत आला. रिदर्ख राजा त्याला साखळदंडांनी बांधून दरबारात ठेवतो. इथे मर्लिनची बहीण, गॅनिएदा, राजाची राणी आहे. एक दिवस राजा तिच्या केसांत अडकलेलं पान काढतो आणि मर्लिन हसतो. का हसलास, असं विचारल्यावर तो सांगतो की झाडांखाली प्रियकराजवळ पडली होती तेव्हा ते पान अडकलं. भावाचं ज्ञान खोटं पाडायला राणी एकाच मुलाला तीन वेगळ्या वेषांत पुढे आणते आणि त्याचं मरण कसं येईल ते विचारते. मर्लिन एकदा म्हणतो कड्यावरून पडून, एकदा झाडात, एकदा नदीत. दरबार हसतो, राणी सुटते. वर्षांनंतर तो मुलगा शिकारीत घोड्यासकट कड्यावरून घसरतो, पाय झाडात अडकतो आणि डोकं नदीत बुडून मरतो.

मर्लिन रानात परततो. बहीण त्याच्यासाठी तिथे घर बांधते, 70 दारं आणि 70 खिडक्यांचं, तारे पाहण्यासाठी, आणि त्याचे शब्द उतरवायला 70 लेखनिक ठेवते. राजा वारल्यावर तीही तिथेच राहायला येते. पुढे डोंगराच्या पायथ्याशी नवा झरा फुटतो. त्याचं पाणी पिऊन मर्लिनचं वेड उतरतं. सरदार त्याला राज्यावर परत बोलवायला येतात आणि तो नाही म्हणतो. मग एक दिवस गॅनिएदाच्याच तोंडून भविष्य उमटू लागतं. ऑक्सफर्ड, लिंकन, विंचेस्टर, पुढची युद्धं, सगळं ती सांगते. मर्लिन ऐकत राहतो आणि म्हणतो, बहिणी, आत्म्यानं माझं तोंड बंद केलं, पुस्तक मिटलं. आता सांगायचं काम तुझ्याकडे आलं आहे.